दोन इंच सात सूत

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेले टेलरमास्तर,

आजीच्या हाताची गोधडी तुम्ही बहुतेकींनी पांघरली असेल. तिथे मोजमाप नव्हतं. जुनेराचं हाती येईल ते ठिगळ लावायचं आणि धावदोरा घालत जायचं. ठिगळ वाकडं निघालं तरी खालचं लुगडं सांभाळून घ्यायचं. अमेरिकी पद्धतीच्या पीस्ड क्विल्टला खाली असं लुगडं नसतं. तुकड्याला तुकडा जोडूनच वरचा थर उभा राहतो, त्यामुळे कापतानाची चूक झाकायला जागाच नाही.

चूक किती महागात पडते? मास्तरांच्या भाषेत सांगते, इंचाचे आठ सूत. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड, पाव इंच, म्हणजे दोन सूत. ती अर्धं सूत जास्त गेली की दोन्ही तुकड्यांचं मिळून एक सूत गेलं. नऊ तुकड्यांच्या ओळीत आठ शिवणी. झाली ना ओळ इंचभर आखूड!

आता तो छळवादी आकडा. तयार त्रिकोणाची बाजू २ इंच हवी, तर चौकोन २ इंच ७ सूत कापा आणि कर्णावर दोन भाग करा, असं पॅटर्न सांगतो. मला आधी ती छपाईची चूक वाटली होती. चौकोनाला चार सूत पुरतात, मग इथे सात का? त्रिकोणाची एक बाजू धरून बघा. काटकोनाकडे मायेत दोनच सूत जातात. पण टोकदार कोपऱ्यात कर्णाची माया तिरकी येते, तिथे जवळजवळ पाच खर्ची पडतात. नेमका हिशेब ६.८३ सूत, तो सातावर नेलेला.

मी स्वतः हे सात सूत कापतच नाही. सरळ ३ इंचांचे दोन चौकोन घेते, सुलट बाजू समोरासमोर. कर्ण आखते, त्याच्या दोन्ही अंगांनी पाव इंचावर शिवते आणि रेघेवर कापते. दोन त्रिकोण जोडलेले असे दोन जोड चौकोन मिळतात. इस्त्री फिरवून पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर बसवायची आणि चारही बाजूंनी तासून अडीच इंच करायचं. चिंध्या पडतात, पडू देत.

कापड मात्र आधी धुऊन, खळ देऊन घ्या. मऊ सुती कापड रोटरी कटरपुढे, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या सुरीपुढे, सरकतं. आणि पट्टी एकच वापरा. मी एकदा अर्धे तुकडे एका पट्टीने कापले, अर्धे दुसरीने. दुसरीची रेघ जाड होती. कोपरे जुळेनात, तेव्हा दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. संध्याकाळ उसवण्यात गेली.

काही मापं तर पट्टीवर नसतातच. ८ इंचांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे क्विल्टच्या एका चौकटीत, एका ओळीत तीन सारखे चौकोन, म्हणजे आठ भागिले तीन. काढा सुतात! इथे भागाकार सोडून द्या. कागदावर ८ इंचांचा चौकोन काढा. पट्टी तिरकी ठेवा, शून्य डाव्या कडेवर आणि ९ उजव्या कडेवर. तीनवर आणि सहावर टिंब द्या, त्यांतून उभ्या रेघा ओढा. बरोब्बर तीन भाग. आडवेही तसेच पाडा. एक घर पुठ्ठ्यावर उतरवा, चहूकडून पाव इंच माया वाढवा, पुठ्ठा कापा. मग कापडावर मोजायचं काही उरत नाही, पुठ्ठा ठेवायचा आणि कापायचं. पुठ्ठे आणि कात्र्या त्या टेबलावर आहेत, या.