जुन्या बुलेटचे अठरा घोडे

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, "जुन्या बुलेटची रस्त्यावरची कामगिरी कशी वाढवावी". मी फोनवर जे बोललो होतो त्यापेक्षा हा फारच सभ्य झालाय. असो. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची नखं काळी दिसतायत, त्यामुळं किक मारण्याआधी डीकॉम्प्रेशन दाबून ॲमीटरचा काटा मध्यावर कसा आणायचा हे सांगण्यात वेळ घालवत नाही. मी बोलणार आहे ते जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या साडेतीनशेबद्दल. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. ज्यांच्याकडं नवी आहे त्यांनी चहापर्यंत बसावं, चहा सगळ्यांना आहे.

तर आकडे. 346 सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 70 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 90. घोडे 18. गाडीचा मूळ आराखडा इंग्लंडातल्या रेडिचचा, 1949 च्या सुमाराचा. 1955 पासून मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला जोडणी सुरू झाली, ती आपल्या लष्कराच्या मागणीमुळं. म्हणजे सीमेवर गस्त घालायला निवडलेली गाडी आपण पुणे-बंगळूर हायवेवर मोटारींच्या मागं पळवतो आणि वर म्हणतो, हिला दम नाही.

माझ्याकडं येणारा प्रत्येक जण विचारतो, काका, अठराचे पंचवीस घोडे होतील का? होतील. पण तुमच्याकडं आज अठरा तरी आहेत का? ते आकडे नव्या इंजिनाचे, तेही क्रँकवरचे, मागच्या चाकावरचे नव्हेत. प्रायमरी चेन, गिअरबॉक्स आणि मागची चेन आपापला वाटा घेतात. त्यात तीस वर्षांची झीज. मला विचाराल तर या गाडीला नवी ताकद द्यायची गरज फार कमी वेळा असते. गेलेली परत आणायची असते. आणि त्याच्याही आधी ती थांबली पाहिजे.

हे थांबण्याचं प्रकरण लोकांना पटत नाही, म्हणून एक हिशेब सांगतो. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. म्हणजे 18 चे 20 घोडे केले, अकरा टक्के वाढ, तर टॉप स्पीड वाढतो साधारण साडेतीन टक्के. 110 ची गाडी 114 जाईल. त्या चार किलोमीटरसाठी माणसं घरात भांडणं घेतात! (हशा) आता दुसरी बाजू. ताशी 60 ला आहात. ब्रेक बेताचा, दर सेकंदाला साडेतीन मीटर प्रतिसेकंद इतका वेग उतरवणारा. गाडी 40 मीटरला थांबते. तोच ब्रेक नीट करून सेकंदाला पाच मीटरवर आणा, 28 मीटर. बारा मीटर वाचले. घाटात प्रत्येक वळणाआधी हे बारा मीटर तुमच्या खिशात. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किती वळणं लागतात ते तुम्हीच मोजा.

आता त्या मिरजेकडच्या पोराची गोष्ट. काही जणांनी ऐकलीय, त्यांनी शेजाऱ्याला आधी सांगू नये.

पोरगं चांगलं. गाडी आजोबांची, चौऱ्याण्णवची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिरलं ते गल्लीच्या तोंडापासून सगळ्यांना कळवत. आमच्याकडं फौंड्र्या आहेत, पॉवर प्रेस आहेत, तरी लोक बाहेर येऊन बघायला लागले. सायलेन्सर म्हणून कुणी लाँग बॉटल लावतं, कुणी शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, इंदूरी. यानं लावलेल्याला नावच नव्हतं, आत काही भरलेलंच नव्हतं. नुसती नळी. शिवाय मूळ एअर फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर. म्हणाला, "काका, पिकअप दुप्पट झालाय, आता फक्त बोअर वाढवायचाय."

मी म्हटलं, प्लग काढ. प्लगची चिनीमाती पांढरीफटक. ती खरं तर फिक्या तपकिरी रंगाची हवी. इंजिन उपाशी चाललेलं. कारण साधं आहे. कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मूळ फिल्टरला आणि मूळ सायलेन्सरला जुळवलेला असतो. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ, ताकद कमी, हेड तापतं. बीड आधीच उष्णता ॲल्युमिनियमइतकी पटकन सोडत नाही. अशा इंजिनाला उपाशी ठेवून पळवणं म्हणजे पैलवानाला उपास घडवून मैदानात सोडणं. शड्डूचा आवाज मात्र मोठा.

वाद नको म्हणून घड्याळ काढलं. वाघबीळपासून वर पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत, पहाटे, रस्ता मोकळा असताना. आधी त्याच्या नळीवर. मग मूळ सायलेन्सर आणि मूळ फिल्टर बसवून. तो मूळ सायलेन्सर मिळेपर्यंत दोन दिवस गेले, कारण आईनं माळ्यावर टाकलेला आणि त्यात चिमणीनं संसार मांडलेला. पिल्लं उडून गेली होती, काळजी नको. चालवणारा तोच, पेट्रोल तेच. मूळ सायलेन्सरवर गाडी दहा-बारा सेकंद लवकर वर पोचली. पोरानं घड्याळ माझ्या हातातून घेतलं, दोनदा बघितलं, आणि काय म्हणाला? "पण काका, पळाल्यासारखी वाटत नाही." (हशा)

हे हसण्यावारी नेऊ नका, माझा सगळा विषय एवढाच आहे. वाटणं आणि पळणं यांची फारकत सायलेन्सरच्या बाजारानं केलीय. पोलिसांनी असले सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडायचे, त्यावर रोडरोलर फिरवायचा, पेपरात फोटो. दुसऱ्या दिवशी दुकानात नवा माल. विकणाऱ्याच्या काउंटरवर रोलर गेलेला मी तरी बघितला नाही. आणि दवाखान्यासमोरून रात्री अकराला फटाके काढत जाणाऱ्याला आपण बुलेटप्रेमी म्हणायचं? त्याचं प्रेम फायरिंगवर. गाडी विकून लाऊडस्पीकर घे म्हणावं, पेट्रोल तरी वाचेल.

हां, गोष्ट अर्धी राहिली. पन्हाळा उतरताना पोरगं पुढं, मी मागं. प्रत्येक वळणाआधी ते फार लांबून ब्रेक दाबत होतं, तरी वळणात वेग जास्तच. खाली येऊन पुढचं चाक उघडलं. ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेक लायनरवर चकाकी होती ती फक्त एका टोकाला, बोटभर. बाकीचा लायनर कोरा. ड्रमला तो कधी लागतच नव्हता. हे बहुतेक जुन्या बुलेटमध्ये सापडेल. स्पोक ताणले की हब, म्हणजे चाकाचा ड्रमवाला मधला भाग, किंचित अंडाकृती होतो. म्हणून चाकाचे स्पोक आधी विणून, आउट म्हणजे वाकडेपणा काढून घ्यायचा आणि मग अख्खं चाक मोठ्या लेथवर बांधून ड्रमला हलका कट मारायचा. उलट क्रमानं केलं तर मजुरी वाया. मग ड्रमच्या मापाला लायनर घासायचे. जोडताना ॲक्सलचा नट अर्धवट आवळायचा, ब्रेक दाबून धरायचा, आणि दाबलेल्या अवस्थेतच नट पक्का करायचा, म्हणजे प्लेट मध्यावर बसते. केबल नवी. ब्रेक लागताना केबल आणि आर्म यांत काटकोन आला पाहिजे. सगळा खर्च त्या नळीपेक्षा कमी.

तेवढं करून पुन्हा पन्हाळा, चढून उतरून. इंजिनाला हात लावला नव्हता. आधीच्या चढाईत वाचले होते त्याच्या कितीतरी पट सेकंद आता वाचले, आणि सगळे वळणांच्या अलीकडं. त्या दिवसापासून पोरगं बोअरचं नाव काढत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. साडेसातला सुगम संगीत आहे. बरं, मग पत्रिकेवर छापलेला विषय आता घेऊ.

टॅपेट. इंजिन गार, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी म्हणजे पुशरॉड, तो दोन बोटांत धरून फिरवला तर अलगद फिरला पाहिजे, वरखाली मात्र खेळता कामा नये. एवढंच माप. टकटक आवाज "बुलेटचा असतोच" म्हणून सोडून देऊ नका.

पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारा स्विच. फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. टायमिंग बघताना पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरा, पॉइंट उघडतो त्या क्षणी तो सुटतो. ज्यांना ही कटकट नको त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं. या गाडीवर मी मनापासून सुचवतो असा नवा बदल हाच. वेगाप्रमाणं ठिणगी आधी पाडणाऱ्या ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर आधी त्या बघा.

कार्ब्युरेटरचा हवा कमीजास्त करणारा स्लाइड खडखडत असेल तर जेट बदलून काही होणार नाही. कार्ब्युरेटर बदला, मग जेटकडं बघा.

स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. पुढचा सोळा दाती काढून सतरा टाकला की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या सहा टक्क्यांनी उतरतात. हायवेला सुख, घाटात एक गिअर खाली. अठरा दाती फक्त सपाटीच्या लोकांनी, म्हणजे सोलापूरकडच्यांनी.

जास्त फिरवू नका. नव्वदच्या स्ट्रोकला मिनिटाला 5500 फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो, आणि खाली बिगएंडला, कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथं, मूळ साधा तरंगता बुश. इंजिन खोललंच असेल तर तिथं रोलर बेअरिंग घाला. बोअर वाढवायचं स्वप्न त्यानंतर. पाचशेच्या मापाचं, 84 चं बॅरल बसवता येतं, पण क्रँकपासून क्लचपर्यंत सगळ्यावर ताण येतो, आणि सीसी बदलले की आरटीओ आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. विनापरवाना बदलाला दर बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. विम्याचं वेगळंच.

हँडलचा कोनसेट, मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचे बुश, पुढच्या शॉकअपमधलं तेल. टायर 3.25 बाय 19, रबर कडक झालं की नक्षी शिल्लक असली तरी काढा. या चार गोष्टींवर मी तासभर बोलणार होतो.

मागच्या ओळीतून हात वर आलाय... डिस्क ब्रेक? चालेल, पण फोर्क, चाक, मास्टर सिलिंडर सगळं एका घरचं आणि कागदोपत्री. भंगारातून जमवलेली डिस्क माझ्या लेथवर आणू नका.

बाकीचे प्रश्न खाली पार्किंगमध्ये. माझी गाडी तिथं आहे, पुढचं चाक काढूनच ठेवलंय. टॅपेट बघायचे असतील तर आधी बघून घ्या, आत्ता इंजिन गार आहे.