हरवते ते तारण, की माणूस?

आदरणीय अध्यक्ष महोदय आणि प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

विश्वासापासून दूर गेलेला ख्रिस्ती मनुष्य आपले तारण, म्हणजे पापापासून मिळालेली सुटका, गमावू शकतो काय, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे. परंतु या प्रश्नातील क्रियापदाविषयी माझी जुनी तक्रार आहे, आणि ती मांडल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. गमावतो ती वस्तू. प्रश्न असा विचारला की तारण हे आपल्या मुठीतील नाणे ठरते, आणि मूठ सैल पडली का, एवढीच चौकशी उरते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मात्र मेंढरू हरवते, नाणे हरवते, मुलगा हरवतो आणि प्रत्येक वेळी हरवलेल्याची ओढ ज्याला लागते तो त्याचा धनी असतो. तेथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे, जेथे माझ्या मेंढरांचा कधीही नाश होणार नाही, असे प्रभू येशू म्हणतो. मराठीत आपण एके ठिकाणी ‘हरवणे’ म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाश होणे’ म्हणतो, त्यामुळे दोन्ही अध्याय एकाच गोष्टीविषयी बोलत आहेत हे कानाला जाणवत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात तर हरवण्याचा प्रश्न प्रभू स्वतःकडेच घेतो: पित्याने मला जे दिले त्यांतले मी काहीही हरवू नये, ही त्याची इच्छा आहे.

हे मी केवळ शब्दांच्या आवडीपोटी सांगत नाही. मी तरुण असताना आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक गृहस्थ कित्येक वर्षांनंतर परतले. मधल्या काळात त्यांनी प्रार्थना सोडली होती, प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, सोडले होते, आणि विश्वासाची उघड हेटाळणीही केली होती. उपासना संपल्यावर ते मंडळीच्या पुढाऱ्यांपैकी एका वडिलांकडे गेले आणि माझ्यासाठी अजून जागा आहे काय, असे त्यांनी विचारले. त्या वडिलांनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला, एकदा प्रकाश मिळालेले व नंतर पतन पावलेले यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे हे वचन वाचले, आणि पवित्र शास्त्र मिटले. मी जवळच उभा होतो आणि गप्प राहिलो. ते गृहस्थ पुन्हा आमच्या मंडळीत दिसले नाहीत. तो प्रसंग मला आजही सोडत नाही, आणि माझ्या आजच्या बोलण्याचे मूळ तेथेच आहे.

हा प्रश्न मंडळीपुढे प्रथम तत्त्वचर्चा म्हणून आलेला नाही, तर दारात उभ्या असलेल्या माणसांच्या रूपाने आलेला आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या आज्ञेने रोमी साम्राज्यातील लोकांना देवतांपुढे यज्ञ करून, बळीचे मांस चाखून, तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा लागला. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. त्यांपैकी एकावर बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या उजव्या भुवईवरील व्रणाचीही नोंद आहे. तो ख्रिस्ती होता असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण दाखला इतरांनाही घ्यावा लागे. परंतु आज्ञा किती बारकाईने माणसापर्यंत पोहोचत होती, हे त्या व्रणावरून कळते.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, कित्येक विश्वासणारे कोणी ओढून नेण्याआधीच स्वतः धावत वेदीपाशी गेले. संध्याकाळ झाली, उद्या या, असे अधिकारी सांगत असताना, आजच उरकून घ्या, अशी त्यांनी विनवणी केली. काहींनी यज्ञ केला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी पैसे देऊन खोटा दाखला मिळवला. सिप्रियन स्वतः त्या काळात लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला बोलणीही खावी लागली, हे येथे सांगितलेच पाहिजे. छळात विश्वासापासून पडलेल्यांविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तेव्हाही होता. छळ ओसरला आणि हीच माणसे रडत मंडळीच्या दारात आली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने भूमिका घेतली की, त्यांनी पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करील किंवा न करील, परंतु मंडळीला त्यांना प्रभुभोजनास घेण्याचा अधिकार नाही. नोव्हेशियन कठोर होता, पण उथळ नव्हता. पावित्र्याची त्याची चाड खरी होती. कार्थेजच्या २५१ मधील परिषदेने मात्र वेगळी वाट धरली. नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावे, आणि यज्ञ केलेल्यांनी पश्चात्तापात राहावे व मरणकाळी त्यांना स्वीकारावे, असे ठरले. पुढे नवा छळ येणार असे दिसताच, पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांसाठीच दार उघडण्यात आले, कारण ज्यांना लढाईला पाठवायचे त्यांना प्रभुभोजनावाचून निःशस्त्र कसे पाठवावे, हा सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा युक्तिवाद होता.

पुढे ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत, जबरदस्ती नसताना पडलेल्यांसाठीसुद्धा बारा वर्षांचा टप्प्याटप्प्याने परतण्याचा मार्ग आखण्यात आला. बारा वर्षे हा काळ मोठा आहे, परंतु त्याला शेवट आहे, हे विसरू नका. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की, नोव्हेशियनच्या पंथातील अकेसियस नावाच्या बिशपाने आपल्या मंडळीचा कडक नियम सम्राट कॉन्स्टंटाइनला समजावून दिला, तेव्हा सम्राट म्हणाला, “अकेसियस, एक शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ.” आपण हसलात, आणि हसणे योग्यच आहे, पण त्या शिडीच्या पायथ्याशी किती माणसे उभी होती, तेही डोळ्यांपुढे आणा.

अध्यक्षांची चिठ्ठी माझ्यापर्यंत आली आहे, आणि जो युक्तिवाद करायचा होता तो आता थोडक्यातच मांडावा लागेल. रोमन कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये सांगितले की, प्राणघातक पापाने कृपा गमावली जाते, परंतु प्रायश्चित्ताच्या संस्काराने ती पुन्हा मिळू शकते. डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये, खरा विश्वासणारा कृपेतून पडू शकतो काय, हा मुद्दा शास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी खुला ठेवला. नेदरलँड्समधील प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या डॉर्ट येथील सभेने १६१८-१९ मध्ये उत्तर दिले की, दाविदासारखे आणि पेत्रासारखे खरे विश्वासणारेही भयंकर पडतात, तरी देव त्यांना शेवटपर्यंत पडू देत नाही. मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला हे पटले नाही, आणि विश्वासाचे जहाज खरोखर फुटू शकते, असे तो शेवटपर्यंत मानत राहिला. मी स्वतः डॉर्टच्या बाजूला आहे, पण इशाऱ्याची वचने पुसून टाकून नव्हे.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सत्तावीस पाहा. वादळात प्रेषित पौलाला देवाकडून अभिवचन मिळते की, जहाजातील एकाच्याही जिवाची हानी होणार नाही. पुढे खलाशी होडी समुद्रात उतरवून पळू पाहतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो की, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. अभिवचन खरे होते, इशाराही खरा होता, आणि इशारा ऐकून शिपायांनी होडीचे दोर कापले म्हणूनच अभिवचन पुरे झाले. इब्री लोकांस पत्रातील कठोर वचने मी याच रीतीने वाचतो: मेंढपाळ ज्या काठीने मेंढराला कड्यापासून मागे वळवतो, ती काठी म्हणून. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचे काय, पौलाला सोडून गेलेल्या देमासाचे काय, हे आपण प्रश्नोत्तरांत विचाराल. ‘नाशाच्या पुत्राखेरीज’ त्यांच्यातील कोणाचाही नाश झाला नाही, असे यहूदाविषयी म्हणणारा योहानाचा सतरावा अध्याय मला आजही जड जातो, हे आताच कबूल करतो. पण ज्याला प्रभूकडे परतण्याची ओढ आहे, त्याच्या तोंडावर इब्री पत्राचा सहावा अध्याय मिटू नये, याविषयी मला शंका नाही. ख्रिस्ताला जाहीर अपमानाला लावून त्यातच टिकून राहणाऱ्याविषयी तो अध्याय बोलतो. दारात उभा राहून जागा मागणारा मनुष्य तो नव्हे.

त्या दिवशी वडिलांनी सहावे वचन वाचून शास्त्र मिटले. नवव्या वचनापर्यंत ते गेले नाहीत, आणि मी त्यांना थांबवून ते वाचून दाखवले नाही. पत्रलेखक तेथे म्हणतो की, प्रियजनहो, आम्ही असे बोलत असलो, तरी तुमच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची, तारणाला धरून असलेल्या गोष्टींची, आमची खातरी झाली आहे.