तारीख नसलेला फोटो

(नाशिकमधल्या एका वाचक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'ब्लॉग आणि फीड रीडर : शिकण्याची साधनं'. तिकडे मी येणारच आहे. पण आधी जरा आपल्या गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीपाशी जाऊन येऊ.

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हा आकडा ऐकून आपल्यापैकी कितीजणांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहतं? माझ्याही राहत नाही. आपण विचारतो, "पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि अजूनही मला वाटतं की यापेक्षा चांगलं मोजमाप कुठल्याही गावाकडे नसेल. खूण पक्की, जागा ठरलेली, आणि रामकुंडावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसणारी.

आता माझं दुखणं सांगते. पावसाळ्यात दोन दिवस झड लागली की फोनवर एक फोटो येतो. मारुती पाण्यात, फक्त शेंदूर दिसतोय, आणि खाली लिहिलेलं, 'आत्ताचा फोटो. नदीकाठच्यांनी सावध राहा.' आत्ताचा म्हणजे कधीचा? कुणी काढला? काही नाही. आमच्या चुलत दादाचं भांडीबाजारात दुकान आहे. एका वर्षी असाच फोटो रात्री नऊला आला. दादा, वहिनी, दोन्ही पोरं आणि शेजारचे दोघं, सगळ्यांनी मिळून रात्री दोनपर्यंत पातेली, घागरी, पराती माळ्यावर चढवल्या. मीही गेले होते, वह्यांचे गठ्ठे उचलायला. पहाटे दादा घाटावर जाऊन आला तर पाणी मारुतीच्या गुडघ्यालाही नव्हतं. पुढे कळलं, तो फोटो २००८ च्या पुरातला होता. ते सामान उतरवायला चार दिवस लागले. वहिनीची कंबर महिनाभर धरली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे इथे सांगितलं नसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तसाच निरोप आला. दादा म्हणाला, "मागच्या वेळचाच असणार." आणि तो हलला नाही. त्या वेळी पूर खरा होता. भांड्यांचं काय, धुतली की झाली. पण वह्या गेल्या, वजनकाटे गेले, आणि दुकानात जो चिखल भरला तो दिवाळीपर्यंत कोपऱ्याकोपऱ्यातून निघत होता. खोट्या निरोपाने एक रात्र गेली. पण त्याच्यामुळे खऱ्या निरोपावरचा विश्वास उडाला, त्याचा हिशोब कसा मांडायचा?

मी शिक्षिका, त्यामुळे माझं मन लगेच वर्गात जातं. आज आपली मुलं ज्या वाटेने शिकतात ती वाट हीच आहे. समोर येईल ते वाचायचं. कुणी लिहिलं माहीत नाही, कधी लिहिलं माहीत नाही, त्याच माणसाने त्याआधी काय लिहिलं होतं तेही माहीत नाही. माझे वडील सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन बसायचे. १८४० सालचं आपलं वाचनालय. तिथे कुठलं मासिक कुठल्या टेबलावर असतं हे त्यांना अंधारातही सापडलं असतं. घरी ते कात्रणांची वही ठेवत. प्रत्येक कात्रणाच्या डोक्यावर शाईने वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहीत. मी एकदा तारीख न घालता कात्रण चिकटवलं, तर त्यांनी ते अलगद सोडवून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हे आता रद्दीत."

फीड रीडर म्हणजे मला ते टेबल आणि ती वही, दोन्ही एका जागी मिळालं.

तर फीड रीडर ज्यावर चालतो ते आरएसएस. (हशा) हो, मला अपेक्षा होतीच. शाखेचा नाही, हा 'रिअली सिंपल सिंडिकेशन'. १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने याचं पहिलं रूप आणलं. पुढच्याच वर्षी त्याची १.० ही आवृत्ती ज्यांनी घडवली, त्यांच्यात आरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. मागे बसलेल्या नववीच्या मुलांनो, तुमच्या वयाचा. कल्पना अगदी साधी आहे. ब्लॉग किंवा बातम्यांचं संकेतस्थळ आपल्या नव्या लेखांची एक यादी ठेवतं, तिलाच फीड म्हणतात. लेखाचं नाव, पत्ता, बहुधा तारीख आणि थोडा मजकूर. तुमचा रीडर ठरावीक वेळाने ती यादी बघून येतो आणि नवं असेल ते तुमच्यासमोर मांडतो. यादीत कोण असावं हे तुम्ही ठरवता. लेख लागतात ते तारखेच्या क्रमाने. तुम्ही काय वाचून जास्त वेळ रेंगाळाल याचा अंदाज बांधून तो काही मधे घुसवत नाही. दारावर पेपर टाकणारा पोरगा जसा तुम्ही लावलेलाच पेपर टाकतो, तसं.

याने शिकणं कसं होतं, ते मी आठवीच्या वर्गात पाहिलं. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था, यूएसजीएस, जगभरातल्या भूकंपांचं फीड देते. आम्ही ४.५ आणि त्यावरच्या मॅग्निट्यूडच्या भूकंपांचं लावलं. रोज दोन मुलं येऊन भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या टोचायची. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "बाई, एवढे भूकंप कालच झाले? बातम्यांत तर एकही नव्हता." रोज दहा-वीस टाचण्या. तिसऱ्या आठवड्यात मुलं नकाशासमोर गप्प उभी राहिली. जपान, इंडोनेशिया, चिली, अलास्का. टाचण्यांची माळ प्रशांत महासागराभोवती आपोआप ओवली गेली होती. अग्निकंकण हा शब्द पुस्तकात एका ओळीत येतो. मी तो तोवर उच्चारलाच नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, महाराष्ट्रावर एकही टाचणी नाही, म्हणजे आपल्याकडे भूकंप होत नाहीत. आणि तिथून आम्ही ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेपर्यंत गेलो. तो तास संपूच नये असं मला वाटत होतं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिली आहेत. मुख्य विषय आता भराभर सांगते, माफ करा.

रीडर कुठला घ्यावा? फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर, कुठलाही चालेल. थंडरबर्डमध्ये मेलसोबत फीडही वाचता येतं. मात्र आपण लावलेल्या फीडची यादी ओपीएमएल नावाच्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून स्वतःजवळ ठेवा. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा ज्यांनी यादी उतरवून घेतली होती त्यांना ती दुसरीकडे नेता आली. पुष्कळ वर्डप्रेस ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ आणि इंग्रजीत 'feed' लिहिलं की फीड सापडतं. यूट्यूबच्या वाहिन्यांनाही फीड असतं, आणि पॉडकास्ट तर फीडवरच चालतात.

सुरुवातीला दहाच ब्लॉग घ्या. त्यातले दोन तुमच्याशी न पटणारे असू द्या. महिनाभरात ज्याचं एकही लिखाण उघडलं नाही तो काढून टाका. आणि न वाचलेल्यांचा आकडा तीनशेवर गेला तर सगळं 'वाचलं' करून मोकळे व्हा, ते कर्ज नाही.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते मोठी. आठवड्याला एक टिपण स्वतःच्या ब्लॉगवर लिहा. जे वाचलं ते स्वतःच्या मराठीत, मूळ लेखाचा दुवा देऊन. लिहायला बसल्यावरच कळतं की आपल्याला काय कळलेलं नाही. इथे शिक्षक बसले आहेत त्यांना सांगते, चाळीस मुलांचे चाळीस ब्लॉग उघडून बघायची गरज नाही. सगळे एका रीडरमध्ये घ्या, कुणी नवं लिहिलं की ते तुमच्यासमोर येईल. पहिल्या महिन्यात मुलं उतरवून आणतील. ओरडू नका, फक्त विचारा, "हे कुठून घेतलं? कधीचं आहे?" माझ्या वर्गात दोन महिन्यांनी मुलं एकमेकांना हेच विचारू लागली होती. त्यातल्या एकीने मारुतीच्या त्या फोटोवर लिहिलं. वडिलांच्या जुन्या फोनमधून मूळ फोटो शोधला, तारीख काढली, आणि टिपणाच्या डोक्यावर ती लिहिली.

दिवे मालवायला माणूस उभा आहे, त्याला घरी जायचंय. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनी बाहेर ओट्यावर या. पहिलं फीड तिथेच लावून देते.