यंदा काही खरं नाही

(दृश्य: सकाळ. पश्चिम आयर्लंडहून डब्लिनकडे जाणारा रस्ता. गाड्यांच्या खिडक्यांना अडकवलेले हिरवे-लाल झेंडे.)

रविवारची सकाळ आहे आणि मेयो काउंटी, म्हणजे पश्चिम आयर्लंडमधला एक जिल्हा, आज घरी नाही. ती रस्त्यावर आहे.

कॅसलबारहून डब्लिन साधारण अडीचशे किलोमीटर. खिडकीला झेंडा, डिकीत चहाचा थर्मास आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेली हॅम सँडविचेस. गावाकडच्या बोलीत त्यांना 'हँग सँडविच' म्हणतात. पांढरा ब्रेड, बोटांना लागेल एवढं लोणी, हॅमचा एक काप. बाकी काही नाही. वाटेत कुठंतरी गाडी थांबते, डिकी उघडते आणि चार माणसं उभ्याउभ्या, हातात कप धरून, सामना सुरू व्हायच्या आधीच खेळून टाकतात.

मधल्या फळीत तो पोरगा नको होता. गेल्या वेळी त्यानं चेंडू दिलाच नाही कुणाला. वारा कुठल्या बाजूनं असेल? आणि मुख्य म्हणजे, पंच कुठल्या काउंटीचा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं: "मग संपलंच."

(दृश्य: डब्लिनमधलं क्रोक पार्कचं मैदान, वरून.)

खेळाचं नाव गॅलिक फुटबॉल. त्याची तोंडओळख करून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या भांडणांना ती लागणार आहे. एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन चार पावलं पळता येतं. मग तो एकदा जमिनीवर आपटायचा, नाहीतर पायाच्या चवड्यावरून उडवून पुन्हा हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटला की फाउल. गोलपोस्ट इंग्रजी 'एच' अक्षरासारखे. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक. फलकावर '१-१५' दिसलं, तर एक गोल आणि पंधरा गुण, एकूण अठरा. ही बेरीज इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येते.

हा खेळ चालवणारी संघटना, गॅलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही: खेळाडूंना पगार नाही. ऐंशी हजारांसमोर खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला जातो, बांधकामावर जातो, गायींचं दूध काढतो. आणि तो खेळतो आपल्याच काउंटीकडून. कुणी त्याला विकत घेत नाही.

त्यामुळे पाठीराख्यालाही संघ निवडायची सोय नाही. काउंटी ही आडनावासारखी येते. मेयोत जन्मलात, तर मेयो. नशीब तुमचं.

(दृश्य: मैदानाबाहेर टोप्या, झेंडे आणि डोक्याच्या पट्ट्या विकणारे. गर्दीत दोन रंग मिसळलेले.)

आता दोन काउंट्यांची बोलायची रीत ऐका. पहिली केरी, आयर्लंडचा नैऋत्य कोपरा. २०२५ पर्यंत ३९ वेळा देशाचं अजिंक्यपद. इतकं कुणाकडंच नाही. असा माणूस कसा बोलेल असं तुम्हाला वाटतं?

तो बोलतो 'येरा' म्हणून. हा केरीचा खास उद्गार. शब्दशः अर्थ विचारू नका. आपल्याकडं एखाद्या बागायतदाराला विचारावं, यंदा आंबा कसा आहे, आणि त्यानं मान हलवून "छ्या, कसलं काय" म्हणावं, तोच हा सूर. "येरा, पोरं बरी आहेत, पण बचाव कच्चा आहे." "येरा, समोरचे फार तयारीत आहेत, आपण उगीच पेट्रोल जाळतोय." डेव्हिड क्लिफर्डसारखा खेळाडू संघात असतानाही हेच. तो फॉसा नावाच्या छोट्या क्लबचा, पेशानं शिक्षक. त्याचा विषय काढला की केरीवाला खांदे उडवणार: "एकटा पोरगा काय काय करणार?"

आणि मग केरी जिंकते. २०२५ च्या अंतिम सामन्यात डोनेगॉलविरुद्ध १-२६ विरुद्ध ०-१९. त्याच रात्री पबमध्ये कुणीतरी म्हणतंच, दुसऱ्या अर्धात जरा ढिले पडले.

ही नम्रता खोटी आहे हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, केरीलाही. पण तिच्याखाली एक कठोर हिशेब असतो. पायडी ओ शे हा केरीचा दंतकथा झालेला माणूस, खेळाडू म्हणून आठ अजिंक्यपदांची पदकं मिळवलेला. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि २००३ साली एका मुलाखतीत आपल्याच पाठीराख्यांना जनावरं म्हणून बसला. मग माफी मागावी लागली. माफी मागितली हे खरं, पण तो नेमकं काय सांगत होता, म्हणजे या लोकांना जिंकण्यापलीकडं काही चालत नाही, ते केरीत कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

केरीला एक जखम मात्र आहे, आणि कुणीही पाहुणा तिच्यावर बोट ठेवू शकतो. १९८२. त्याआधी सलग चार अजिंक्यपदं घेतलेली. पाचवं जणू खिशात होतं, 'फाइव्ह इन अ रो' छापलेले टी-शर्टसुद्धा तयार होते. शेवटच्या काही मिनिटांत ऑफली काउंटीचा बदली खेळाडू शेमस डार्बी यानं गोल मारला आणि ऑफली एका गुणानं जिंकली. ऑफलीच्या माणसासमोर केरीवाल्यानं फार 'येरा, येरा' केलं, तर तो फक्त एक नाव घेतो. डार्बी.

(दृश्य: मेयोतलं एक घर. फाटकाला बांधलेला, उन्हापावसानं विटलेला झेंडा.)

आणि मेयो. मेयोचं शेवटचं अजिंक्यपद १९५१ चं. त्यानंतर १९८९ पासून २०२१ पर्यंत अकरा वेळा अंतिम फेरीत पोचून अकराही वेळा हार. हातातोंडाशी आलेला घास इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी कुणाचाच गेला नसेल.

१९९६: सामना संपत आलेला, मेयो पुढे. मीथच्या कोल्म कॉइलनं लांबून आशेवर एक चेंडू भिरकावला. तो गोलसमोर टप्पा पडून सगळ्यांच्या डोक्यावरून, दांडीवरून पलीकडे. बरोबरी. फेरसामन्यात हार. २०१६: डब्लिनविरुद्ध पहिल्या अर्धात मेयोनं स्वतःच्याच जाळ्यात एक नाही, दोन गोल केले आणि तरीही सामना बरोबरीत सोडवला. फेरसामना एका गुणानं गेला. २०१७: पुन्हा डब्लिन, भरपाईच्या वेळेत डीन रॉक फ्री किक घ्यायला उभा. मेयोच्या ली कीगननं अंगावरचं जीपीएस यंत्र काढलं आणि त्याच्या दिशेनं फेकलं. रॉकनं शांतपणे चेंडू दांडीवरून घातला. एका गुणानं हार.

त्या यंत्राबद्दल मेयोत अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, असं करायला नको होतं. दुसरा म्हणतो, नेम चुकला.

शापाची गोष्ट तर असणारच. १९५१ चा विजयी संघ परतताना फॉक्सफर्ड गावातून वाजतगाजत गेला. तिथं अंत्ययात्रा चालू होती, हे थांबले नाहीत आणि चिडलेल्या धर्मगुरूनं शाप दिला: या संघातला शेवटचा माणूस जिवंत आहे तोवर मेयो जिंकणार नाही. असं काही घडल्याचा पुरावा नाही, आणि त्या संघातल्या खेळाडूंनीही ही गोष्ट उडवून लावली होती. पण बातमीदारांना ती इतकी आवडते की दर वर्षी उगाळून निघते. त्या संघातले अखेरचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये गेले. त्याच महिन्यात मेयो टिरोनकडून अंतिम सामना हरली होती, आणि तोही उपांत्य फेरीत डब्लिनची मक्तेदारी मोडून आल्यावर. शाप संपला म्हणावा, तर त्यानंतरही चषक आलेला नाही. त्यामुळे मेयोतला व्यवहारी माणूस आता म्हणतो, शाप नव्हताच, आम्हाला फॉरवर्ड नव्हते.

गंमत अशी की ३९ वेळा जिंकलेला केरीवाला रडगाणं गातो आणि इतकी वर्षं हरलेला मेयोवाला देव पाण्यात ठेवून, छाती पुढे काढून सांगतो, "यंदा नक्की." चषकाचं नाव सॅम मग्वायर. कॉर्कमधल्या डनमॅनवेच्या एका माणसाच्या नावाचा तो चषक १९२८ पासून दिला जातो. पण बोलताना कुणी चषक म्हणत नाही. म्हणतात सॅम. "सॅम कुठे आहे?" "सॅम यंदा डोंगरापलीकडे गेला." परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहावी तशी मेयो त्याची वाट पाहते.

(दृश्य: हिल सिक्स्टीन. निळ्या जर्सींचा उभा डोंगर.)

मग डब्लिन. उरलेल्या सगळ्या काउंट्यांचं एकमत करणारा विषय. क्रोक पार्कच्या एका टोकाला उभं राहून सामना बघायची जागा आहे, हिल सिक्स्टीन. १९१६ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावात पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यावर ती बांधली असं आजोबा नातवाला सांगतात. खरं तर ती १९१५ मध्येच उभी राहिली होती आणि पहिल्या महायुद्धातल्या एका लढाईवरून तिला हिल सिक्स्टी म्हणत. ही माहिती हिलवर उभं राहून सांगू नये.

इतर ठिकाणी दोन्ही बाजूंचे लोक शेजारी शेजारी बसतात. पोलिसांची साखळी नाही, कुंपण नाही. हिल मात्र डब्लिनकरांची. २००६ च्या उपांत्य सामन्याआधी मेयोचा संघ मुद्दाम त्याच टोकाला सरावाला गेला. डब्लिनचे खेळाडू हातात हात गुंफून तिथंच चालत आले. दोन संघ, एक गोलपोस्ट, ढकलाढकली. मेयो एका गुणानं जिंकली. अंतिम सामन्यात केरीनं त्यांना धुऊन काढलं, पण मेयोतल्या पबमध्ये २००६ म्हटलं की हिलचीच गोष्ट निघते. अंतिम सामना कुणी काढत नाही.

डब्लिनवरचा आरोप ठरलेला: लोकसंख्या त्यांची, पैसा त्यांचा आणि क्रोक पार्कही घरचंच. २०१५ ते २०२० सलग सहा अजिंक्यपदं घेतली तेव्हा हा आरोप राष्ट्रगीतासारखा म्हटला जायचा. इथं एक आपल्या घरची फोडणी. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. वराडकर स्वतः डब्लिनचे. ते पंतप्रधान असताना चार अंतिम स्पर्धा झाल्या: २०१७, २०१८, २०१९ आणि २०२३. चारही डब्लिननं जिंकल्या. यात सिंधुदुर्गाचा काही हात नाही, पण केरीच्या माणसाला हे सांगून पाहा. त्याला पुरावा पुरेल.

क्रोक पार्कवरून २०१८ मध्ये एक लहानसं बंडही झालं. किल्डेअरच्या वाट्याला घरचा सामना आला. न्यूब्रिजचं त्यांचं मैदान छोटं, म्हणून अधिकाऱ्यांनी सामना क्रोक पार्कला हलवला. किल्डेअरनं सांगून टाकलं, न्यूब्रिज नाहीतर कुठंच नाही. पाठीराखे एक झाले, अधिकारी नमले, सामना न्यूब्रिजलाच झाला आणि किल्डेअर दोन गुणांनी जिंकली. समोर कोण होतं? मेयो. पाचवीलाच पुजलेलं.

(दृश्य: लाल जर्सी घातलेले लोक, हातात चहाचे कप.)

इथं तक्रार कशी जपतात ते बघायचं तर लाउथला जावं. देशातली सगळ्यात लहान काउंटी. २०१० च्या लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात लाउथ एका गुणानं पुढे, वेळ संपलेली आणि मीथच्या जो शेरिडननं चेंडू हातात घेऊन गोलरेषा ओलांडली. नियमात न बसणारा गोल, पण पंचानं दिला. फेरसामना द्यायचा की नाही हे मीथच्या हातात होतं. त्यांनी दिला नाही. पंधरा वर्षं लाउथमध्ये लग्नाच्या जेवणातसुद्धा हा विषय निघायचा. मग २०२५ ची लेन्स्टर अंतिम फेरी, समोर पुन्हा मीथ, आणि लाउथ दोन गुणांनी विजयी. १९५७ नंतर पहिल्यांदाच. फिटंफाट झाली का, असं विचारलंत तर उत्तर येईल: "अजून एक बाकी आहे."

नियमांबद्दलचं भांडण तर रोजचं. २००३ मध्ये टिरोननं सगळे खेळाडू मागे खेचून केरीला गुदमरवलं, तेव्हा केरीचाच पॅट स्पिलेन टीव्हीवर त्याला 'प्यूक फुटबॉल' म्हणाला, म्हणजे ओकारी आणणारा खेळ. टिरोन त्या वर्षी अजिंक्य ठरली. पुढे वीसेक वर्षं बहुतेकांनी तोच खेळ आणखी कंटाळवाणा केला आणि सगळा देश ओरडत राहिला, खेळ मेला, खेळ मेला. २०२५ मध्ये नवे नियम आले. ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या चेंडूला दोन गुण, आणि मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन्ही संघांचे किमान तीन-तीन खेळाडू राहिलेच पाहिजेत. खेळ एकदम मोकळा झाला. आता तेच लोक म्हणतात, दोन गुण जरा जास्तच होतात.

(दृश्य: स्टँड. पाठमोरे प्रेक्षक.)

एक गोष्ट मात्र मैदानात बसल्यावरच कळते. मागच्या रांगेतला गडी ओरडतो, "अरे त्या नंबर अकराला काढा, पाय आहेत की लाकडं!" शेजारचा त्याला कोपरानं ढोसतो आणि हनुवटीनं पुढे दाखवतो. दोन रांगा पुढे, हिरव्या-लाल मफलरमध्ये, अकरा नंबरची आई बसलेली असू शकते. मागचा क्षणभर गप्प. मग जरा मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं: "पण मेहनती आहे हो पोरगा."

आई मागे वळून पाहत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. पश्चिमेकडे जाणारा रस्ता. झेंडे आता गाडीच्या आत.)

परतीच्या वाटेवर पहिला तासभर कुणी बोलत नाही. लाँगफर्डच्या आसपास कुणीतरी उरलेलं सँडविच काढतं. ब्रेड वाळलेला, लोणी पिवळं पडलेलं. अर्धं मोडून मागच्या सीटवर जातं.

"पंच कुठला होता म्हणालास?"

"सोड रे."

थोडा वेळ फक्त वायपरचा आवाज.

"लीग जानेवारीत सुरू होतेय ना?"

"जानेवारीत."

"त्या पोराला मधल्या फळीत घातला ना..."