पद्मिनीचा पेट्रोल पाइप : हवा शिरते कुठून?

[दृश्य : उघडं बॉनेट. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला पंप, त्याला जोडलेले दोन रबरी पाइप.]

प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्बोरेटर आणि कॅमशाफ्टच्या (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) धक्क्यावर चालणारा हा मेकॅनिकल पेट्रोल पंप. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव नंतरचं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. आता ज्या उरल्या आहेत त्यातल्या बऱ्याच आठवडेच्या आठवडे उभ्या असतात, आणि पेट्रोल पाइपात बसून राहतं.

ते पेट्रोलही बदललंय. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पद्धतीचा साधा नायट्राइल रबर त्याने फुगतो, मऊ पडतो; गाडी उभी राहून पाइप सुकला की तोच आकसतो आणि आतून तडकतो. वरून सुती वेणी असलेला पाइप सगळ्यात फसवा. आत भेगा पडलेल्या असतात आणि वेणी मात्र धडधाकट दिसते.

[दृश्य : जुना पाइप बोटांत वाकवलेला, आतल्या बाजूच्या भेगा जवळून.]

म्हणून दुकानात नुसतं ‘पेट्रोलचा पाइप द्या’ म्हणून भागत नाही. पाइपवर छापलेलं वाचायचं. एसएई जे३० या पाइपांच्या अमेरिकी मानकातला आर-६ म्हणजे कार्बोरेटरच्या जमान्यातला नायट्राइल पाइप. आपल्याला हवा आर-९, ज्याच्या आत फ्लोरोइलॅस्टोमरचा, म्हणजे बोलीभाषेत व्हायटनचा, थर असतो. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप घेऊ नका. पारदर्शक प्लास्टिकची नळी तर कायमची बसवायचीच नाही : इंजिनच्या उष्णतेने ती आधी ढिली होते, मग कडक होऊन निपलवरून, म्हणजे पाइप चढवायच्या धातूच्या तोंडावरून, सटकते. मापासाठी निपलला व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) लावा. सहा मिलिमीटरच्या निपलवर आठचा पाइप चढवून क्लिप आवळली की रबराला चुणी पडते, आणि गळती त्या चुणीतूनच होते.

आता मुद्द्याचं. टाकीपासून पंपापर्यंत पाइपात ओढ असते. पंपापासून कार्बोरेटरपर्यंत दाब, तोही जेमतेम दोन ते चार पीएसआय. दाबाच्या बाजूला भेग पडली की थेंब दिसतो, वास येतो, माणूस लगेच पाइप बदलतो. ओढीच्या बाजूला भेग पडली तर गाडी चालू असताना बाहेर काहीच येत नाही, उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, वास नाही, आणि घाटात तिसऱ्या गिअरला गाडी गचके खाते. मग लोक पंपावर ओलं फडकं टाकतात, पेट्रोलची वाफ झाली म्हणतात. वाफ इंजिन तापल्यावर होते. सकाळी थंड इंजिनलाही पंप हवा धरत असेल तर दोष मागच्या पाइपात शोधा. टाकीच्या तोंडाजवळचा वीतभर रबरी तुकडा वर्षानुवर्षं कुणी बघितलेला नसतो. सुरुवात तिथून करा.

खात्री करायला पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, तेवढ्यापुरती पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू करायचं. सुरुवातीची हवा निघून गेल्यावरही बुडबुडे येत राहिले, तर हवा शिरतेय.

[दृश्य : उघड्यावर उभी गाडी. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. शेजारी ड्राय पावडरचा अग्निशामक.]

काम गार इंजिनवर, उघड्यावर, बॅटरी सोडवून. टाकीत पेट्रोल कमी असलेलं बरं. जुना पाइप पकडीने पिळून ओढू नका. धारदार ब्लेडने लांबीत चिरा द्या आणि सोलून काढा, पण पात्याची धार निपलला लागू देऊ नका. पितळेवर उठलेल्या ओरखड्यातून नवा पाइपही पाझरतो. टाकीकडच्या उघड्या टोकात लगेच बोल्ट घालून ठेवा.

पाइप निघाला की निपल हाताने हलवून बघायचं. पुष्कळ पंपांत आणि कार्बोरेटरांत ते आटे नसलेलं, नुसतं दाबून बसवलेलं असतं. ते हातात फिरत असेल, तर एके दिवशी पाइपासकट बाहेर येणार आणि पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर. फिरणारं निपल साफ करून रिटेनिंग कंपाउंडने (धातूचे भाग घट्ट धरणाऱ्या गोंदाने) बसवा, किंवा भोकात आटे पाडून स्क्रूचं निपल लावा. टेफ्लॉनची पट्टी मात्र गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या, पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि कार्बोरेटर ओसंडतो.

[दृश्य : पंपाचा खालचा भाग, छोटं भोक जवळून.]

पंपाच्या खालच्या अंगाचं हे भोक पेट्रोलने ओलं असेल तर डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा-ढकलणारा लवचीक पडदा, फाटलाय. मग ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला म्हणजे ते फाटक्या डायफ्राममधून संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरलंय. पंप दुरुस्त झाला तरी ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, बेअरिंग जातात.

पंप उघडण्याआधी वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागावर मिळून एक आडवी खूण ओरखडा, नाहीतर जोडताना निपलांची तोंडं भलतीकडे जातात. नवा डायफ्राम लावताना स्क्रू आधी सैल ठेवा, पंपाचा लिव्हर (कॅमशाफ्टचा धक्का खाणारा दांडा) पूर्ण दाबून डायफ्राम खाली ओढलेला धरा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. लिव्हर मोकळा सोडून आवळलं, तर डायफ्राम प्रत्येक फेरीत ताणला जातो आणि लवकर फाटतो.

पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड स्पेसर टाकून देऊ नका. तो इंजिनची उष्णता अडवतो, आणि गास्केटांच्या जाडीसकट लिव्हरला किती धक्का बसेल हे ठरवतो. दोन गास्केट जास्त घातली की पंप कमी पेट्रोल फेकतो. स्पेसर काढला की लिव्हरवर भलता ताण येतो.

नवा पाइप ब्लेडने सरळ कापा. करवतीचा रबरी भुसा आत राहतो. पाइप निपलवर २० ते २५ मिलिमीटर चढवा, अडला तर पेट्रोलचा एक थेंब लावा, ग्रीस नको. क्लिप निपलच्या फुगवट्यावर नको, त्याच्या मागे. पट्टीला खाचा असलेली साधी क्लिप रबर कापते; कडा वळवलेली, गुळगुळीत पट्टीची घ्या. जोडाला बॅन्जो बोल्ट (आतून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे.

गाडीखालची लोखंडी नळी गंजली म्हणून कापलीत, तर कापलेल्या टोकाला पुन्हा फुगवटा पाडून घ्या. सपाट टोकावरून पाइप सरकतो. त्या नळीला पकडणाऱ्या क्लिपांखालीही बघा, कोकणच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो.

[दृश्य : कार्बोरेटरकडचा पाइप काचेच्या बाटलीत.]

चाचणीसाठी बॅटरी जोडा, कॉइलची मधली वायर काढून ती इंजिनच्या धातूला टेकवून बांधा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. ठणठणीत, एकसारख्या पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. फेस आला तर हवा अजून शिरतेय. पिचकारी हळूहळू मंदावत गेली तर टाकीचं झाकण उघडा. हवा ‘फुस्स’ करत आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

सगळं जोडल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडावर कोरडा पांढरा कागद फिरवा. फिल्टर टाकी आणि पंपाच्या मध्ये, त्यावरचा बाण पंपाकडे, एक्झॉस्टपासून लांब. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून आणतं, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर भरतो. दोनेकशे किलोमीटरनंतर तो बदला आणि त्याच वेळी क्लिपा पुन्हा एकदा तपासा, कारण नवा रबर दबून क्लिपा थोड्या सैल पडलेल्या असतात.