तळमजल्याच्या मोरीतलं पाणी कुणाचं?

हे जे काळं पाणी मोरीच्या जाळीतून वर येतंय ना, ते या घरातलं नाहीये. सकाळी सात-साडेसातला वरच्या मजल्यांवर अंघोळी, भांडी, वॉशिंग मशीन सगळं एकदम सुरू होतं, ते सगळं पाणी उभ्या पाईपने खाली येतं, आणि खालचं चेंबर, म्हणजे जमिनीतली झाकणाची टाकी जिथे हे पाईप येऊन मिळतात, तुंबलेलं असलं की त्याला पुढे जायला जागाच नसते, मग ते सगळ्यात खालचं तोंड शोधतं. म्हणजे तळमजला. वरच्यांना याचा पत्ताही नसतो, त्यांचं पाणी तर मस्त जातंय.

डोंबिवली, ठाणे, पुण्यातलं कोथरूड, कुठेही तीस-चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत जा, हे दिसतंच. बीडाचे (ओतीव लोखंडाचे) जुने पाईप आतून गंजतात, जॉइंट सुटतात, भेगेत पिंपळ रुजतो. त्यात कुणीतरी फ्लॅटचं काम काढतं आणि टाईल्सचं सिमेंटचं पाणी सरळ नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या वाकड्या तोंडात, ओततं, ते खाली जाऊन दगडासारखं घट्ट बसतं. सॅनिटरी पॅड आणि वेट वाईप्स तर प्रत्येक चेंबरमधून निघतात.

आता भांडण कुठे होतं? पैशावर. आणि आमचं स्पष्ट मत आहे की पैशाचं बोलणं नंतर, आधी दोष, मग तो चोक असो की गळती, नेमका कुठे आहे ते शोधा. छताला ओल आली की लगेच वरच्याच्या नावाने बोंब मारायची हे चूक आहे. साधी टेस्ट आहे, वरच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये रंग टाकलेलं पाणी सोडायचं आणि खाली वाट बघायची. रंग उतरला तर वरच्या बाथरूममध्ये दोष आहे. नाही उतरला तर बाहेरचा कॉमन पाईप तपासा, टेरेस तपासा.

हे कळलं की खर्च कुणाचा हे बायलॉजमध्येच लिहिलंय. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांसाठी 2014 चे जे आदर्श उपविधी आहेत त्यातला क्रमांक 159 काढून वाचा, मीटिंगमध्ये मोठ्याने वाचा. ड्रेनेज लाईन, सेप्टिक टँक, बाहेरच्या कॉमन पाईपची गळती, पावसाच्या पाण्याची गळती हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतल्या संडासची, सिंकची गळती असेल तर तो खर्च त्या सभासदाचा, आणि सोसायटीला कळवून काम करायचं.

म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंनी एकटीने प्लंबरला पैसे देत बसायचं कारणच नाही, आणि चौथ्या मजल्यावरच्याला "माझ्याकडे तुंबलं नाही, मी का देऊ" असं म्हणताही येत नाही, कारण त्या पाईपमध्ये त्याचंही पाणी आहे.

मग वाटणी कशी? फंडात पैसे असतील तर प्रश्नच नाही, म्हणून तर रिपेअर फंड दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान 0.25 टक्के घ्यायचा असतो, बऱ्याच ठिकाणी मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हेच कापतात आणि मग असं अडकायला होतं. फंड नसेल आणि काम मोठं असेल तर सर्वसाधारण सभेत ठरवून एरियाप्रमाणे वर्गणी काढतात. समजा काम 1 लाख 60 हजारांचं आहे, आठ फ्लॅट 400 चौरस फुटांचे, आठ 600 चे. एकूण 8,000 फूट, म्हणजे फुटाला 20 रुपये. लहान फ्लॅटला 8,000, मोठ्याला 12,000. एवढं फळ्यावर लिहून दाखवलं, दोन-तीन कोटेशन्स समोर ठेवली, हप्ते करून दिले, की कुरबूर बरीच कमी होते. पेन्शनवर राहणारे असतात, त्यांचा विचार कमिटीने आधीच करायला हवा.

आणि एक गोष्ट, यात तडजोड नाही. स्वस्तात पडतंय म्हणून कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवू नका. आतला गॅस मिनिटांत जीव घेतो. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं काम करून घेणं हा गुन्हा आहे, कंत्राटदार मधे असला तरी सोसायटीने हात झटकायचे नाहीत. मैला ओढून घेणारी सक्शन गाडी आणि जोराच्या पाण्याने पाईप मोकळा करणारं जेटिंग मशीन मागवा, जास्तीचे पैसेही सगळ्यांत वाटून घ्या.

आवारातली लाईन साफ होऊनही पाणी मागे येत असेल तर चोक बाहेर रस्त्यावरच्या लाईनमध्ये असू शकतो. ती महापालिकेची, मुंबईत 1916 वर तक्रार करता येते, तक्रार नंबर लिहून ठेवा आणि नोटीस बोर्डावर लावा.