लॉर्डी: मुखवट्याशी इमान राखणारा बँड

श्रोतेहो, नमस्कार. आज फिनलंडच्या ‘लॉर्डी’ या रॉक बँडबद्दल बोलायचं आहे. तो ऐकण्याइतकाच बघण्याचा आहे. रेडिओवर तो दिसणार नाही, म्हणून आधी चित्र उभं करते.

२० मे २००६ची रात्र. ग्रीसची राजधानी अथेन्स. युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी चालू आहे. झुळझुळीत कपड्यांतले देखणे गायक एकामागून एक येऊन जातायत. आणि मग मंचावर धूर, आगीचे लोळ आणि पाच राक्षस. बास गिटारवर बैलाच्या तोंडाचा ऑक्स, गिटारवर इजिप्तची ममी आमेन, ड्रमवर परग्रहावरचा पशू कीता, कीबोर्डवर पिशाच्च सरदारीण आवा. मधोमध उंचच उंच, शिंगं असलेला मिस्टर लॉर्डी. गाणं शेवटाला येतं आणि त्याच्या पाठीवरचे वटवाघळाचे पंख सावकाश उघडतात.

त्या रात्री ‘हार्ड रॉक हालेलूया’ या गाण्याला २९२ गुण पडले, तोवरचे सर्वाधिक, आणि लॉर्डीनं स्पर्धा जिंकली. आणि हे जवळजवळ सगळे गुण घरोघरच्या लोकांनी फोन करून दिले होते.

हा आनंद किती मोठा होता, ते कळायला फिनलंडचं दुःख माहीत हवं. १९६१पासून हा देश या स्पर्धेत येत होता. ४५ वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी म्हणजे १९७३चा सहावा क्रमांक. कित्येकदा शेवटचा नंबर, काही वर्षी तर चक्क शून्य गुण. फिन लोकांनी आशाच सोडली होती.

हा मिस्टर लॉर्डी, म्हणजे तोमी पुतान्सू, रोव्हानिएमी गावचा. फिनलंडच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमधलं, आर्क्टिक वृत्ताला लागून असलेलं हे गाव. ऐन डिसेंबरात तिथे सूर्य जेमतेम दोन तास दिसतो. सांताक्लॉजचं गाव म्हणून जगभरची मुलं त्याला ओळखतात. तिथे वाढलेल्या तोमीला मात्र वेड होतं भयपटांचं आणि रंगवलेल्या चेहऱ्यांच्या ‘किस’ या अमेरिकन बँडचं. १९९२मध्ये त्यानं लॉर्डीची सुरुवात केली.

पुढची दहा वर्षं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. आपण म्हणतो ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मोठ्या कष्टानं एक अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि तो बाजारात यायच्या आतच कंपनी बुडाली. अंगावर शिंगं-कातडी चढवून ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक वाजवणाऱ्यांना कोण विचारणार? मुखवटा उतरवून चालू फॅशनचं काहीतरी करणं सोपं होतं. त्यानं ते केलं नाही. पहिला अल्बम ‘गेट हेवी’ अखेर २००२मध्ये आला.

हे मुखवटे तो स्वतः घडवतो. असा मुखवटा म्हणजे आधी मातीत कोरलेला चेहरा, त्यावर प्लास्टरचा साचा, मग त्यात लेटेक्स, म्हणजे पातळ रबर. एकेक सुरकुती, एकेक दात हातानं रंगवायचा. कार्यक्रमाआधी तो अंगावर चढवायलाच तासन् तास लागतात. मग त्या रबरी कातड्याखाली, दिव्यांच्या आणि आगीच्या धगीत, घामानं निथळत गायचं. मला यातली कारागिरी गाण्याइतकीच मोलाची वाटते.

अथेन्सला जायच्या आधी मोठा गदारोळ झाला. हे सैतानाचे भक्त आहेत, त्यांना येऊ देऊ नका, अशी मागणी ग्रीसमध्ये काही धार्मिक गटांनी केली. फिनलंडमध्येही अनेकांना देशाची शोभा होईल अशी धास्ती होती. खरं तर ‘सैतान हरलेला आहे’ अशा अर्थाचं नाव असलेलं गाणं याच बँडनं २००२मध्ये काढलं होतं! आक्षेप घेणाऱ्यांनी ते बहुधा ऐकलंच नव्हतं.

जिंकून परतल्यावर २६ मे रोजी राजधानी हेलसिंकीच्या बाजारचौकात सुमारे नव्वद हजार माणसं जमली आणि सगळ्यांनी मिळून तेच गाणं म्हटलं. रोव्हानिएमीतल्या एका चौकाला लॉर्डीचं नाव दिलं गेलं. या विजयामुळे पुढच्या वर्षीची स्पर्धा हेलसिंकीत भरली. आणि त्याच २००६च्या ‘द अरॉकॅलिप्स’ अल्बममध्ये एका गाण्यात गिटार वाजवली होती ‘किस’च्या जुन्या गिटारवादकानं, ब्रूस क्युलिकनं. रोव्हानिएमीतल्या त्या पोराला काय वाटलं असेल!

विजयानंतर एका नियतकालिकानं मिस्टर लॉर्डीचा बिनमुखवट्याचा फोटो छापला. खप वाढेल असा त्यांचा हिशेब असणार. झालं उलटंच. फिनलंडचे वाचक इतके संतापले की त्या नियतकालिकाला माफी मागावी लागली. हा माणूस कसा दिसतो, हे त्यांना बघायचंच नव्हतं. त्यांचा लॉर्डी त्यांनी बघितलेला होता, शिंगांसकट, पंखांसकट.